लगवाडी, खायवाडी, सेशन: क्रिकेटचा सट्टा नेमका चालतो कसा, आणि नवखा माणूस त्यात हरतो कसा?

आयपीएल सुरू झाली की संध्याकाळच्या गप्पांची भाषा बदलते. चिखली-खामगाव रस्त्यावरचं उंद्री असो, खामगावचं मार्केट असो की पुण्यात शिकायला गेलेल्या पोरांची खोली, स्कोअरच्या जोडीला आणखी काही शब्द कानावर पडायला लागतात. "भाव काय निघाला?" "साठ-बासष्ट." "सेशन?" "अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास." ज्याला कळतं तो मान डोलावतो. ज्याला कळत नाही तो मोबाईल काढून यूट्यूबवर शोधतो, आणि तिथे त्याला "रोज दोन हजार कमवा" सांगणारे पन्नास जण भेटतात.

ही भाषा नीट समजावून सांगणारं कुणी भेटत नाही. ज्यांना ती कळते त्यांना गिऱ्हाईक हवं असतं, आणि ज्यांना गिऱ्हाईक नको असतं ते "वाईट नाद आहे, लांब राहा" एवढंच सांगून विषय बंद करतात. पण "लांब राहा" हे विशीतल्या पोराला पटत नाही, हिशोब दाखवला तर पटू शकतं. म्हणून इथे हिशोबच बघू.

आधी मटका, मग क्रिकेट

आकड्यांवर पैसे लावण्याचा प्रकार आपल्याकडे क्रिकेटच्या आधीपासून आहे. गंमत म्हणजे त्याची सुरुवात झाली कापसापासून. न्यूयॉर्कच्या कॉटन एक्सचेंजमध्ये कापसाचा उघडताना आणि बंद होताना काय भाव निघाला, तो मुंबईत टेलिप्रिंटरवर यायचा आणि त्यावर लोक पैसे लावायचे. साठच्या दशकात हे भाव येणं थांबलं, तेव्हा चिठ्ठ्यांवर आकडे लिहून त्या मडक्यात टाकायच्या आणि त्यातून आकडा काढायचा अशी युक्ती निघाली. मडकं म्हणजे मटका. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही त्या काळातली दोन मोठी नावं. ओपन, क्लोज, जोडी हे शब्द तिथूनच गावोगाव गेले. विदर्भात पोलिसांच्या बातम्यांत आजही 'वरली मटका' असतोच. कापूस पिकवणाऱ्या बुलडाण्यात कापसाच्या भावावरून सुरू झालेला जुगार चिठ्ठीवर खेळला जावा, हा योगायोग जरा बोचणाराच आहे.

मटक्यात कौशल्याचा आव आणता येत नव्हता. आकडा लागला तर लागला. क्रिकेटमध्ये मात्र प्रत्येकाला वाटतं की आपल्याला यातलं कळतं. लहानपणापासून सामने बघितलेत, पिच कसं आहे, कोण फॉर्मात आहे हे माहीत आहे, मग अंदाज का चुकेल? सट्ट्याचा सगळा धंदा याच समजुतीवर उभा आहे.

साठ-बासष्ट म्हणजे काय?

समजा भारत आणि ऑस्ट्रेलियाचा सामना आहे आणि भाव निघाला आहे भारत ६०-६२. भाव नेहमी 'फेव्हरेट' संघाचा सांगतात, म्हणजे ज्याची जिंकण्याची शक्यता जास्त मानली जाते त्याचा. हे आकडे पैशांत असतात. साठ म्हणजे रुपयाला साठ पैसे.

भारत जिंकेल म्हणून कुणी १,००० रुपये लावले तर ती झाली 'लगवाडी'. भारत जिंकला तर त्याला ६०० रुपये मिळणार, हरला तर त्याचे १,००० जाणार. भारत हरेल असं ज्याला वाटतं तो 'खायवाडी' करतो. त्याच्यासाठी भाव ६२ चा. भारत हरला तर त्याला १,००० मिळणार, भारत जिंकला तर त्याचे ६२० जाणार. हिंदीत यालाच लगाई आणि खाई म्हणतात. वेबसाईटवर १.६० असा आकडा दिसतो, तोही हाच भाव. त्यात लावलेला रुपया धरलेला असतो, एवढाच फरक.

आता बुकीच्या बाजूने बघा. एका गिऱ्हाइकाने १,००० ची लगवाडी केली, दुसऱ्याने १,००० ची खायवाडी. भारत जिंकला तर बुकी दुसऱ्याकडून ६२० घेतो, पहिल्याला ६०० देतो आणि २० रुपये ठेवतो. भारत हरला तर पहिल्याचे १,००० घेऊन दुसऱ्याला देतो. खिशातून काहीच गेलं नाही. म्हणजे कोण जिंकणार हे बुकीला माहीत असायची गरजच नाही. दोन्ही बाजूंना गिऱ्हाईक असलं की झालं. एका बाजूला वजन जास्त झालं तर तो भाव हलवतो, म्हणजे लोक दुसऱ्या बाजूला वळतात. तरीही तोल राहिला नाही तर जादाचा भार वरच्या मोठ्या बुकीकडे देतो. त्याला 'कटिंग' म्हणतात. गावातला माणूस तालुक्याच्या माणसाकडे, तो जिल्ह्याच्या, तो नागपूर-मुंबईच्या लाईनवर. लाखाला 'पेटी' आणि कोटीला 'खोका' म्हणण्याची पद्धत या वरच्या मजल्यांवरची. पानठेल्यावर हिशोब पाचशे-हजारातच असतो.

गिऱ्हाइकाचं गणित वेगळं असतं. साठ पैशांच्या भावात त्याने शंभर सामन्यांवर दर वेळी १,००० लावले आणि त्याचे साठ अंदाज बरोबर आले असं धरू. शंभरात साठ बरोबर म्हणजे गावात त्याला लोक तज्ज्ञ म्हणतील. साठ वेळा ६०० म्हणजे ३६,००० आले. चाळीस वेळा १,००० म्हणजे ४०,००० गेले. तज्ज्ञ ४,००० रुपयांनी खड्ड्यात. या भावात नुसतं बरोबरीत राहायला शंभरात साडेबासष्ट अंदाज बरोबर यावे लागतात. भाव पंचवीस पैशांचा असेल, म्हणजे "हा सामना तर जिंकलेलाच आहे" असा, तर पाचातले चार बरोबर येऊनही हातात शून्य राहतं. चार वेळा २५० मिळाले, एकदा १,००० गेले.

अंदाज बरोबर येणं आणि पैसे मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि भाव ठरवणारा ही तफावत आधीच धरून बसलेला असतो. पिच, टॉस, फॉर्म, दव हे सगळं तुम्हाला जसं माहीत आहे तसं त्यालाही माहीत आहे आणि ते त्या साठ पैशांत आधीच शिरलेलं आहे.

सेशन: जिथे जास्त पैसा जातो

सामन्याचा निकाल लागायला चार तास लागतात. तेवढा दम कुणाला? म्हणून सेशन. पहिल्या सहा ओव्हरमध्ये किती रन होतील, दहामध्ये किती, वीसमध्ये किती. पुढची ओव्हर किती रनांची, अमुक खेळाडू किती करेल, विकेट कधी पडेल. ऑनलाईनवाले याला 'फॅन्सी' म्हणतात.

सहा ओव्हरचं सेशन ४८-४९ निघालं आहे असं समजा. 'यस' म्हणणाऱ्याला ४९ किंवा जास्त रन हवेत. 'नो' म्हणणाऱ्याला ४८ पेक्षा कमी, म्हणजे ४७ किंवा त्याखाली. दोघांचा भाव सारखाच, हजाराला हजार. वरवर पाहता याहून सरळ व्यवहार नाही.

आणि बरोबर ४८ रन झाले तर? यसवाला हरला, नोवालाही हरला. दोघांचे पैसे बुकीकडे.

सेशनचा निकाल अर्ध्या तासात लागतो, मग लगेच दुसरं सेशन. एका सामन्यात दहा-पंधरा वेळा पैसे लावायची सोय. बुकीचा वाटा प्रत्येक वेळी थोडाच असतो, पण तो पुन्हा पुन्हा कापला जातो. एका आयपीएलचा हिशोब मांडून बघू. २०२२ ते २०२५ या काळात मोसमाला ७४ सामने ठरायचे. दर सामन्याला पाच वेळा ५०० रुपये लावले तर मोसमभरात १,८५,००० रुपयांची उलाढाल होते. ज्यात दोन्ही बाजू सारख्याच शक्यतेच्या आहेत अशा गोष्टीवर नव्वद पैसे भाव मिळत असेल, तर दर शंभर रुपयांमागे सरासरी पाच रुपये जातात. १,८५,००० चे पाच टक्के म्हणजे ९,२५०. हे नशीब ना चांगलं ना वाईट असलेल्या, अगदी शिस्तीच्या माणसाचं नुकसान.

पण शिस्तीचा माणूस यात सापडत नाही. सापडतो तो डबल करणारा.

"हरलो की डबल करायचं"

ही युक्ती प्रत्येक नवख्याला कुणी ना कुणी सांगतोच. ५०० हरले तर १,००० लाव. तेही गेले तर २,०००. कधी ना कधी जिंकशील आणि सगळं एकदम वसूल होईल.

कागदावर करून बघा. भाव नव्वद पैसे आहे. ५००, १,०००, २,०००, ४,००० असे चार डाव ओळीने गेले. एकूण ७,५०० गेले. पाचवा डाव ८,००० चा, आणि तो जिंकला! मिळाले ७,२००. म्हणजे जिंकूनही ३०० रुपये कमीच. डबल करण्याची युक्ती चार हरल्यानंतर वसुलीसुद्धा करून देत नाही, कारण भाव रुपयाला रुपया नसतो.

आणि सात डाव ओळीने गेले तर? ५०० पासून ३२,००० पर्यंतची बेरीज ६३,५०० होते. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे जवळपास बारा क्विंटल सोयाबीन, तेही हमीभाव मिळाला तर. एका संध्याकाळी.

"सात वेळा ओळीने कोण हरतं?" असं विचारणारा भेटतोच. एखाद्या ठराविक वेळी तसं होण्याची शक्यता १२८ मध्ये एक आहे हे खरं. पण वर मोजलं तसे मोसमात ३७० डाव खेळले, तर त्यात कुठे ना कुठे सात हरण्यांची ओळ लागण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के निघते. म्हणजे असे चार जण असतील तर त्यातल्या तिघांना ती संध्याकाळ दिसणार.

डोंगरावरची दुर्बीण

गिऱ्हाईक आणि धंदेवाला यांच्यात आणखी एक फरक असतो, सेकंदांचा. मैदानात चेंडू पडतो आणि घरच्या टीव्हीवर तो काही सेकंदांनी दिसतो. मोबाईलवर तर आणखी उशिरा. म्हणून मैदानात माणूस बसवून फोनवर बातमी घेतली जाते.

२६ मार्च २०२१ रोजी पुण्याजवळ गहुंजेला भारत-इंग्लंड वनडे होती. करोनामुळे स्टेडियममध्ये प्रेक्षकांना बंदी. आता मैदानातून बातमी कशी मिळणार? पिंपरी-चिंचवड पोलिसांनी ३३ जणांना पकडलं. त्यातले काही जण स्टेडियमजवळच्या डोंगरावरून, काही उंच इमारतीतून दुर्बिणीने सामना बघत होते. टीव्हीपेक्षा काही सेकंद आधी काय झालं हे कळावं म्हणून एवढा खटाटोप. त्या काही सेकंदांची किंमत धंद्यात किती असते याचा अंदाज यावरून येतो. उंद्रीत मोबाईलच्या रेंजसाठी गच्चीवर चढून 'यस' लावणारा माणूस या स्पर्धेत कुठे आहे हे वेगळं सांगायला नको.

चिठ्ठीपासून आयडीपर्यंत

पूर्वी बुकी गाठावा लागायचा. ओळख लागायची, उधारी चालायची, गावात चारचौघांना कळायचंही. आता व्हॉट्सॲपवर एक नंबर येतो, त्यावर 'हाय' पाठवलं की 'आयडी' मिळतो. यूपीआयने पैसे टाकले की तेवढे पॉइंट जमा. रात्री दोन वाजता अंथरुणात पडल्या पडल्या ऑस्ट्रेलियातल्या कुठल्यातरी लीगवर पैसे लावता येतात. बायकोला कळत नाही, बापाला कळत नाही. या प्रकारातला खरा बदल हाच आहे. हरणं पूर्वीही होतं, पण आता ते कुणाला दिसत नाही.

आयडी देणारा एजंट गोड बोलतो. सुरुवातीला पैसे काढायला अजिबात त्रास होत नाही. ८०० जिंकले, पाच मिनिटांत खात्यात. विश्वास बसतो. अनेक पॅनलमध्ये एजंटची कमाई म्हणजे त्याच्या गिऱ्हाइकांच्या हरण्यातला हिस्सा असतो, ही गोष्ट तो सांगत नाही. रक्कम मोठी झाली की मग "सर्व्हर डाऊन आहे", "आधी टॅक्स भरा", "आयडी रिव्ह्यूत गेला" सुरू होतं. त्याच पॅनलवर क्रिकेटच्या शेजारी विमान उडवायचा खेळ, पत्ते, रुलेट असतं. सामना संपला की बरेच जण तिकडे वळतात, आणि तिथे निकाल काही सेकंदांत.

नागपूरचं २०२३ चं प्रकरण आठवत असेल. एका व्यापाऱ्याने पोलिसांत तक्रार दिली की ऑनलाईन गेमिंगच्या नावाखाली त्याची ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाली. तक्रारीनुसार सुरुवात झाली ती ८ लाखांपासून. ते हवालामार्फत गेले, व्हॉट्सॲपवर लिंक आली, खात्यात ८ लाख जमा दिसले, सुरुवातीला जिंकणंही झालं. एकूण जिंकले ते ५ कोटी आणि गेले ५८ कोटी. पोलिसांनी आरोपीच्या गोंदियातल्या घरावर छापा टाकला तेव्हा कोट्यवधींची रोकड आणि कित्येक किलो सोनं मिळालं. आकडे मोठ्या माणसाचे आहेत, पण पायऱ्या त्याच. आधी थोडे, मग जिंकणं, मग हरणं, मग हरलेलं परत आणायला आणखी.

टेलिग्रामवरच्या 'फिक्स रिपोर्ट' देणाऱ्यांचंही एकदा बघून घ्या. समजा एकाकडे ८०० नंबर आहेत. पहिल्या सामन्याला तो ४०० जणांना सांगतो अमुक संघ जिंकणार, उरलेल्या ४०० जणांना सांगतो दुसरा. ज्यांना चुकीचं सांगितलं त्यांना सोडून द्यायचं. उरलेल्या ४०० चे पुन्हा दोन भाग. असं पाच सामने केलं की २५ जण उरतात, ज्यांनी या माणसाचे पाचच्या पाच अंदाज खरे ठरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत. सहाव्या सामन्याच्या 'रिपोर्ट'साठी ते २५ जण हवे तेवढे पैसे देतात. त्याला क्रिकेट येत नसलं तरी चालतं.

मग फिक्सिंग होतच नाही का? होतं, झालंय. २००० साली दिल्ली पोलिसांनी फोनवरचं संभाषण उघड केलं आणि दक्षिण आफ्रिकेचा कॅप्टन हॅन्सी क्रोनिए त्यात सापडला. २०१० मध्ये लॉर्ड्सवर पाकिस्तानच्या गोलंदाजांनी ठरवून नो-बॉल टाकले. २०१३ मध्ये आयपीएलमधल्या स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून राजस्थान रॉयल्सच्या तीन खेळाडूंना अटक झाली आणि पुढे सट्टेबाजीच्या प्रकरणात चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांवर दोन वर्षांची बंदी आली. पण असली माहिती ज्याच्याकडे असेल तो ती ४९९ रुपयांत अनोळखी माणसाला विकेल का, एवढाच प्रश्न आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात जुगाराचा कायदा १८८७ सालचा आहे. पेपरात "जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ४ आणि ५ नुसार गुन्हा दाखल" असं येतं, तो हाच. कलम ४ अड्डा चालवणाऱ्यासाठी, कलम ५ तिथे सापडणाऱ्यासाठी. म्हणजे "मी फक्त खेळत होतो" हा बचाव होत नाही. घोड्यांच्या शर्यतीला मात्र परवानगी असलेल्या रेसकोर्सवर सूट आहे, शिवाय १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कौशल्याची बाब मानली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ११२ मध्ये टोळीने चालवलेला बेकायदा सट्टाही आला आहे. त्याला एक ते सात वर्षं शिक्षा आहे.

ऑनलाईनसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने वेगळा कायदा केला. २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाईन खेळ, मग ते कौशल्याचे असोत की नशिबाचे, बंदीच्या कक्षेत आणले. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्यांनाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा ठेवलेली नाही, तो पीडित धरला आहे. वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक मिळून २०,००० कोटी रुपये अशा खेळांत घालवतात असा सरकारी अंदाज त्या वेळी समोर आला होता.

ड्रीम११ ने पैशांच्या स्पर्धा तेव्हाच बंद केल्या आणि भारतीय संघाच्या जर्सीवरून तिचं नावही गेलं. त्याआधी, २०२३ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका पोलीस उपनिरीक्षकाने याच ॲपवर दीड कोटी जिंकल्याची बातमी सगळ्यांच्या स्टेटसला होती. पुढे त्याला निलंबित केलं गेलं, ते स्टेटस फार कुणी ठेवलं नाही.

सट्टा कायदेशीर करून नियमात आणावा असंही म्हणणारे आहेत, आणि त्यात वजनदार नावं आहेत. २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा समितीने तशी शिफारस केली. २०१८ मध्ये विधी आयोगाच्या २७६ व्या अहवालानेही म्हटलं की बंदी पाळून घेता येत नसेल तर नियमन हा पर्याय उरतो. पण सध्या तरी क्रिकेटवर पैसे लावण्याचा कुठलाही कायदेशीर मार्ग नाही, "आमच्याकडे परदेशातलं लायसन्स आहे" असं सांगणाऱ्या वेबसाईटवरही नाही.

एक गोष्ट मात्र हरलेल्या माणसाला हमखास माहीत नसते. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. म्हणजे सट्ट्यात हरलेली रक्कम बुकी कोर्टात जाऊन वसूल करू शकत नाही. म्हणूनच वसुली कोर्टाबाहेर होते, दमदाटीने, गाडी ओढून नेऊन, कोरे चेक आणि स्टॅम्प पेपर लिहून घेऊन. याची दुसरी बाजूही आहे. जिंकलेले पैसे आयडीवाल्याने दिले नाहीत तर तुम्हीही त्यावर दावा लावू शकत नाही.

अडकलाय त्याने काय करायचं?

घरातला कुणी यात असेल तर पहिली खूण बहुधा पैशांची नसते. मोबाईल पालथा ठेवणं, सामना नसतानाही रात्री जागणं, छोटी छोटी उधारी, आणि "पुढच्या आठवड्यात देतो" हे वाक्य. जुगाराच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जागा आहे, म्हणजे ते निव्वळ 'पोरगं बिघडलं' असं प्रकरण नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाईनचा नंबर १४४१६ आहे. फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. जीवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर हा फोन सगळ्यात आधी करावा, हिशोब नंतर होतो.

घरच्यांनी एक चूक टाळलेली बरी. पहिल्यांदा कळल्यावर शेत गहाण टाकून सगळं एकदम फेडून टाकायचं आणि "आता शपथ घे" म्हणायचं, असं बरेच जण करतात. फेडलं की नवी उधारी मिळायची वाट मोकळी होते. आधी यूपीआय आणि बँकेचं खातं काही महिने दुसऱ्याच्या ताब्यात द्यावं, आयडी देणाऱ्याचे नंबर ब्लॉक करावेत, कोणाचं किती देणं आहे ते कागदावर लिहून काढावं, मग फेडायचं बघावं.

फसवणूक झाली असेल, म्हणजे पैसे भरून आयडीच बंद झाला किंवा पैसे काढायला आणखी पैसे मागितले, तर १९३० या सायबर हेल्पलाईनला लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पुढच्या खात्यातली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते. भीतीपोटी चॅट डिलीट करू नये. स्क्रीनशॉट आणि यूपीआयचे व्यवहार क्रमांक हाच पुरावा.

कॉलेजच्या पोरांसाठी आणखी एक. "तुझं खातं महिनाभर वापरायला दे, पाच हजार देतो" असं कुणी म्हणालं तर ते खातं सट्ट्याचे किंवा फसवणुकीचे पैसे फिरवायलाच हवं असतं. पुढे देशाच्या कुठल्यातरी कोपऱ्यातली तक्रार लागते आणि खातं गोठतं. पोलीस सगळ्यात आधी ज्याच्या नावावर खातं आहे त्याला शोधत येतात.

आणि सावकार. सट्ट्याचं देणं फेडायला खाजगी सावकाराकडून शेकडा पाच-दहा रुपये महिना व्याजाने पैसे काढले जातात, त्या बदल्यात शेताचं खरेदीखत करून घेतलं जातं. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करता येते. बुलडाण्यात ते जिल्ह्याच्या ठिकाणी आहे, आणि तालुक्याला सहायक निबंधकांकडेही अर्ज देता येतो. बेकायदा सावकारीतून जमीन गेल्याचं चौकशीत सिद्ध झालं तर ती परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार जिल्हा उपनिबंधकांना आहे. अर्जासोबत खरेदीखताची प्रत, सातबारा आणि पैसे दिल्या-घेतल्याचे जे काही पुरावे हाताशी असतील ते जोडावेत.